चार दिवसांआड पाणी आणि गच्चीतला भाजीपाला

प्रश्न : ताई, जुळे सोलापुरात सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, लागून गच्ची. मुलानं दिवाळीत गच्चीवर लाकडी पट्ट्यांचा डेक टाकून दिला आणि सुताराकडून सहा पेट्या करून घेतल्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सहा इंच खोल. भावाच्या शेतातली काळी माती आणली, तळाला खडी घातली, शेणखत मिसळलं आणि फेब्रुवारीच्या शेवटी टोमॅटो, मिरची, वांगी, पालक, कोथिंबीर, पुदिना असं सगळं लावलं. पालक एकदा खाल्ला. कोथिंबीर बोटभर वाढून फुलावर आली. टोमॅटोची फुलं गळाली, चार फळं धरली ती खालून काळी पडली. आता मिरची सोडून सगळं वाळलंय, मातीला भेगा पडल्यात. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. आमचे हे म्हणतात, लक्ष्मी मंडईत दहा रुपयांना पेंडी मिळते, तू बादल्या कशाला वाहतेस? त्यात खालच्या काकू म्हणतात, त्यांच्या छताला ओल आलीय. हा नाद सोडून देऊ का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, सोडू नका. पण पाऊस पडेपर्यंत नवीन काही लावूही नका. तुमच्या हाताला दोष नाही. महिना चुकला, पेटी उथळ पडली आणि माती जड झाली, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या. तिन्ही दुरुस्त होण्यासारख्या आहेत आणि दुरुस्तीला मे महिन्यासारखा दुसरा महिना नाही.

पत्रातला शेवटचा मुद्दा मी आधी घेते, कारण तो शेजाराचा आहे. वळवाचा पाऊस झाला नसेल तर मे महिन्यात छताला आलेली ओल पावसाची असू शकत नाही. एकतर तुमच्या पेट्यांचं पाणी झिरपतंय, नाहीतर टाकी किंवा पाइप कुठंतरी गळतोय. मिरचीची पेटी तेवढी न्हाणीघराच्या बाजूला हलवा, बाकीच्या पेट्यांना पंधरा दिवस थेंबभर पाणी घालू नका. ओल सुकली तर कारण तुमच्याकडचं, नाही सुकली तर प्लंबर बोलवा. याच पंधरा दिवसांत डेकच्या पट्ट्या उचलून खाली एकदा बघा. डेकखाली काय साचतं ते कुणीच बघत नाही. पेटीतून वाहून आलेली माती, पालापाचोळा, कबुतरांची पिसं असं सगळं पन्हाळीच्या जाळीपाशी जाऊन बसतं आणि पाणी तुंबून राहतं. लाकूड खालून कुजायला तेवढं पुरतं, वाळवीलाही तेच हवं असतं. स्लॅबला बारीक भेगा दिसल्या तर पाऊस येण्याआधी वॉटरप्रूफिंगवाल्याला दाखवा. डेक परत टाकाल तेव्हा पन्हाळीवरची एक पट्टी स्क्रू न मारता नुसती ठेवा, म्हणजे दर महिन्याला उचलून जाळी साफ करता येईल. आणि काकूंकडे स्वतः जाऊन सांगून या की तपासणी चालू केलीय. त्यांनी सोसायटीत अर्ज देण्याआधी गेलात तर बरं.

आता वजन. एक घनफूट ओली काळी माती ४५ ते ५० किलो भरते. तुमची एक पेटी नेमकी एक घनफुटाची आहे, म्हणजे सहा पेट्यांचे झाले जवळजवळ ३०० किलो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात, ज्या सपाट गच्चीवर जाता-येता येतं तिच्यावर वापराचा भार दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो धरलेला असतो. पेटीखालच्या जागेवर त्याहून जास्त वजन पडतं. म्हणून पेट्या गच्चीच्या मधोमध मांडायच्या नाहीत. खाली जिथं भिंत किंवा तुळई आहे त्या ओळीत, कडेनं मांडायच्या. कठड्यावर तर एकही नको. आपल्याकडे जून-जुलैत वारं सुटतं तेव्हा पत्रे उडतात, तिथं कठड्यावरच्या पेटीचा काय भरवसा? खाली रस्ता असतो, माणसं जातात.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. तुम्ही जे व्हिडिओ बघितले असतील ते बहुतेक पुण्या-मुंबईचे नाहीतर थंड हवेच्या देशातले असणार. तिथं सांगतात, सहा इंच मातीत पालेभाजी मजेत येते. तिथं येतेही. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, वरून कोरडं वारं. अशा दिवसांत उघड्या जागेवरून दर चौरस मीटरला रोज आठ-दहा लिटर पाणी सहज उडून जातं. तुमच्या एका पेटीचं तोंड दोन चौरस फूट आहे, म्हणजे चौरस मीटरच्या पाचव्या हिश्शाला थोडं कमी. तिला रोज दीड-पावणेदोन लिटर लागणार, झाड भरलं आणि वारं सुटलं की दोन-अडीच. सहा इंच मातीत झाडाला ओढून घेता येईल असं पाणी फार तर पाच लिटर मावतं. दोन दिवसांत खेळ खलास. आणि नळ येतो पाचव्या दिवशी! मधल्या तीन दिवसांत तुम्ही वाहिलेल्या बादल्या या त्या उथळपणाचा दंड होता.

म्हणून माझं सांगणं एवढंच की सोलापुरात पेटी घेताना झाड किती मोठं होणार हे न बघता नळाच्या दोन पाण्यांमधले दिवस मोजायचे. तेवढे दिवस पुरेल एवढं पाणी मातीत मावलं पाहिजे. पेट्या कमी चालतील, पण खोल हव्यात.

नव्या पेट्या घ्यायच्या नाहीत. सुताराला बोलावून सहापैकी दोन पेट्यांचे तळ काढून घ्या आणि त्या बिनतळाच्या पेट्या दुसऱ्या दोन पेट्यांवर बसवून आतून कोपऱ्यांना पट्ट्या मारा. दोन पेट्या एक फूट खोल झाल्या, दोन सहा इंचीच राहिल्या. एक फूट खोल पेटीत साधारण ५६ लिटर माती बसते आणि हलकं मिश्रण (ते कसं करायचं ते पुढं सांगते) असेल तर त्यातलं दहा-अकरा लिटर पाणी झाडाच्या कामी येतं. चार-साडेचार दिवस निघतात. वजनही फार वाढत नाही. हलक्या मिश्रणाची फूटभर खोल पेटी ओली करून आत्ताच्या काळ्या मातीच्या एका सहा इंची पेटीपेक्षा थोडीच जास्त भरते. पेट्या सहाच्या चार झाल्यानं एकूण भार उलट उतरेल.

लाकूड आतून प्लॅस्टिकनं पूर्ण गुंडाळू नका. बाजूंना प्लॅस्टिकचा कागद लावा, तळ मोकळा ठेवून अर्ध्या इंचाची आठ-दहा भोकं पाडा. पेटी डेकवर टेकवायची नाही, चार कोपऱ्यांना विटा. बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात मारले तर लाकूड जास्त टिकतं.

तळाची खडी काढून टाका. खडीमुळे निचरा होतो असं सगळेच सांगतात, पण होतं उलट. बारीक मातीतलं पाणी मोठ्या खडीत उतरायला माती आधी पूर्ण तुडुंब व्हावी लागते. तोवर ते खडीच्या वर अडून राहतं आणि मुळं तिथंच सडतात. शिवाय सहा इंचांतले दीड इंच खडीनं खाल्ले. भोकांवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाकला की पुरे.

काळ्या मातीबद्दल सांगते. शेतात ती सोनं आहे, मंगळवेढ्याची ज्वारी तिच्या ओलीवरच पिकते. ती ओल काही फूट खोल साठलेली असते म्हणून. पेटीत तीच माती पाणी घातलं की फुगते, सुकली की आकसून कडेपासून सुटते. मग वरून ओतलेलं पाणी भेगांतून सरळ खाली काकूंच्या छतावर! मुळांना त्यातलं काहीच मिळत नाही. तुम्हाला वाटत असेल पाणी घातलं, झाडाच्या दृष्टीनं घातलंच नाही. काळी माती एकूण मिश्रणाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नको. एक घमेलं काळी, एक घमेलं तांबडी किंवा पोयट्याची माती, एक घमेलं भिजवून दोनदा धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. पेटीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट धुवायचं कारण त्यात मीठ असतं, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच क्षार भरपूर. मातीवर पांढरा थर आला की समजा क्षार साठले. पहिल्या दोन मोठ्या पावसांत पेट्या उघड्या ठेवून भरपूर धुऊन निघू द्या. आरओचं बाहेर पडणारं पाणी पेट्यांना घालू नका, त्यात क्षार आणखी दाट असतात. एसीचं पाणी मात्र सोन्यासारखं, डाळ-तांदूळ-भाजी धुतलेलंही चालतं.

उरलेल्या काळ्या मातीचं काय करायचं ते पुढं सांगते, टाकून देऊ नका.

ओलीची पंधरा दिवसांची तपासणी संपली की या उन्हाळ्यात पेट्यांचं एकच काम उरतं. खत न घालता तांबडी माती, काळी माती आणि कोकोपीट यांचं मिश्रण पेट्यांत भरा, चांगलं ओलं करा, वर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून कडा चिकटवून टाका. काळा कागद नको, पारदर्शकच. चार आठवडे उन्हात राहू द्या. आत इतकी उष्णता होते की बुरशी, मुळांना लागणारे सूत्रकृमी, तणाचं बी बहुतेक मरतं. थंड प्रदेशातल्या लोकांना यासाठी महिनाभर कडक ऊन शोधावं लागतं, आपल्याला फुकटात मिळतंय. कागद काढल्यावर मग गांडूळखत आणि पेंड मिसळा. आधी मिसळलंत तर खतातले उपयोगी जीवही शिजून जातील.

पाणी वाचवण्याचे दोनच उपाय मला खरे वाटतात. एक आच्छादन. मातीवर दोन इंच पाचट नाहीतर शेंगांची टरफलं पसरा. सोलापूर जिल्ह्यात उसाच्या पाचटाला तोटा नाही आणि ज्या घरात शेंगाची चटणी कुटली जाते तिथं टरफलांनाही नाही. दुसरा उपाय वातीचा. खोल पेटीच्या खाली, विटांच्या मधल्या जागेत झाकणाचा पाच लिटरचा चपटा डबा ठेवा. जुना सोलापुरी टॉवेल चार बोटं रुंद पट्ट्यांत फाडा. पट्टीचं एक टोक तळाच्या भोकातून वर मातीत अर्ध्या पेटीपर्यंत जाऊ द्या, दुसरं डब्याच्या झाकणाला पाडलेल्या फटीतून पाण्यात. सुती टॉवेल पाणी वर ओढतो, माती जेवढी सुकेल तेवढंच ओढतो.  नळ आला की डबा भरायचा. झाकण घट्ट हवं, नाहीतर डेंग्यूचे डास पाळल्यासारखं होईल. तुम्ही चार दिवस पंढरपूरला जाऊन आलात तरी झाड उभं असेल. उन्हाळ्यात मात्र वात एकटी पुरत नाही, वरूनही द्यावं लागतं, आणि संध्याकाळी.

वेळापत्रकाचं बोलू. सोलापुरात गच्चीतल्या भाजीचं वर्ष मृगाला सुरू होतं आणि होळीला संपतं. त्यातलंही खरं सुगीचं म्हणजे दसऱ्यापासून संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतर महिनाभरापर्यंत. तुम्ही होळी जवळ आलेली असताना सुरुवात केलीत, म्हणजे मांडव उतरवताना वरात आली.

टोमॅटोचंच घ्या. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही २४-२५ च्या खाली न उतरणारी हवा असली की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. फूल येतं, फलधारणा होत नाही, देठापासून गळतं. खत घालून, फवारून काही होत नाही. फळ खालून काळं पडलं तो रोगही नव्हता. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पाण्याबरोबरच पोचतं. पाणी दोन दिवस भरपूर आणि तीन दिवस काहीच नाही असं झालं की टोकाला कॅल्शियम पोचत नाही आणि तेवढा भाग काळा पडतो. अंड्याची टरफलं टाकून हे थांबत नाही, पाणी सारखं मिळालं की आपोआप थांबतं. तेव्हा टोमॅटोचं बी ऑगस्टच्या शेवटी टाका, रोप सप्टेंबरअखेर खोल पेटीत लावा, एका खोल पेटीत दोनच. डिसेंबर ते फेब्रुवारी खा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले जयश्री’ हा चेरी टोमॅटो मिळाला तर तो घ्या, लहान फळांचा टोमॅटो पेटीत जास्त भरवशाचा. मार्चमध्ये झाड हिरवं दिसलं तरी उपटून टाका. त्याला जगवण्यात पाणी घालवू नका.

मिरची जगली याचं मला मुळीच नवल नाही. ती दोन-तीन वर्षं राहणारं झाड आहे, आपण उगाच हंगामी समजतो. मृगाचा पाऊस पडला की तिचे शेंडे तिसऱ्या हिश्शानं छाटा, मूठभर खत द्या, ऑगस्टपासून पुन्हा लागेल. पानं वर वळून द्रोणासारखी झाली तर फुलकिडे आलेत, खाली वळली तर कोळी कीड. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, सोबत भांड्याच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं मारा. कीडनाशकांबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे. गच्चीतली भाजी विषारी औषध मारून खायची असेल तर मंडईतली काय वाईट?

वांग्याला एक अख्खी खोल पेटी द्यावी लागते आणि शेंडा पोखरणारी अळी हमखास येते. कोमेजलेला शेंडा दिसला की दोन बोटं खालून कापून बाहेर टाकायचा, कचऱ्याच्या डब्यात, पेटीत नाही. भरली वांगी करायची हौस असेल तर एकच झाड ठेवा, नाहीतर हे पीक मंडईवर सोडा. पहिल्या वर्षी मी तरी सोडलं असतं. त्या जागी जूनमध्ये पश्चिमेच्या कडेला दोडका लावा, कठड्याच्या आतून सुतळी बांधून वर चढवा. ऑगस्टपर्यंत पडदा होतो आणि दुपारचं ऊन मागच्या पेट्यांवर यायचं थांबतं. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. वरच्या मजल्यावर त्यांच्यापर्यंत किडे पोचतीलच असं नाही. ज्या फुलामागे बारीक दोडका दिसतो ती मादी, नुसत्या देठाचं ते नर. नर तोडून त्याचा पराग मादीवर टेकवा, दिवेलागणीच्या सुमाराला. दोन मिनिटांचं काम आहे.

सोलापुरात पहिल्या वर्षी कुणालाही यश देणारी भाजी म्हणजे अंबाडी. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तिच्या गोंगुऱ्याशिवाय पान हलत नाही, कानडी घरांत पुंडीपल्ले होते, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी ओतलेली असली की आणखी काही लागत नाही. जूनमध्ये बी पेरा, सहा इंची पेटीसुद्धा चालते. वीतभर झाली की शेंडे खुडा, बाजूनं फुटते, पुन्हा खुडा. उन्हाला डगमगत नाही, पाण्याचा एखादा दिवस चुकला तरी मान टाकून परत उठते. दिवस लहान झाले, फुलावर आली की संपवा.

आणि ती उरलेली काळी माती. सप्टेंबरच्या शेवटी एखाद्या सहा इंची पेटीत ती अर्धी-अर्धी मिसळून करडई पेरा. तेलासाठी नव्हे, भाजीसाठी. दोन-तीन आठवड्यांची कोवळी पानं, काटे फुटायच्या आत, मुळासकट उपटून घ्यायची आणि मुगाच्या डाळीत परतायची. करडईला काळी मातीच मानवते आणि पाणी फार लागत नाही. पेंड्या बाजारात थोडेच दिवस दिसतात. गच्चीत दहा-दहा दिवसांनी थोडी थोडी पेरली तर संक्रांतीपर्यंत पुरते.

कोथिंबिरीनं तुम्हाला रडवलं असेल, ती सगळ्यांनाच रडवते. धणे अख्खे टाकू नका, लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. उगवायला आठ-दहा दिवस घेतातच, तोवर उकरून बघायचं नाही. उन्हाळ्यात ती फुलावर जाणारच, तिचा स्वभाव तो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर पंधरवड्याला पाव पेटी पेरा. मार्चनंतर पाहिजेच असेल तर ५० टक्के ऊन अडवणाऱ्या शेडनेटच्या जाळीखाली दाट पेरून पंचविसाव्या दिवशी उपटायची, पेंडी म्हणून नाही, चटणीपुरती. शेपू, मेथी, पालक, लसणाची पात हे सगळं याच थंडीच्या महिन्यांत, सहा इंची पेटीत. मेथीला तर एवढीही खोली लागत नाही.

पुदिन्याला वेगळी पेटी हवी, कारण तो शेजाऱ्याच्या जागेत घुसतो. मंडईतून आणलेल्या पेंडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवा, आठवड्यात मुळं फुटतात. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली असा कोपरा त्याला द्या. तुमचा पुदिना वाळला असला तरी मुळं टाकून देऊ नका, माती बदलताना भोकं पाडलेल्या जुन्या डब्यात लावून ठेवा. ती जिवंत असली तर मृगाच्या पाण्यानं फुटतो. पानांचा ओवा एक काडी खोचली की लागतो आणि मे महिन्यातही टिकतो, पावसाळ्यात त्याची भजी करता येतात. गवती चहाला खोल जागा लागते, त्यासाठी पेटी अडवू नका, जुनी बादली भोकं पाडून घ्या. कढीपत्ताही असाच, वेगळ्या पिंपात. आलं लावायचं तर मृगाच्या आतबाहेर, डोळा फुटलेला तुकडा दोन इंच खोल. पण ते आठ-नऊ महिने जागा अडवतं, दोनच खोल पेट्या असताना मला तो व्यवहार पटत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये मिरची, पुदिना, ओवा आणि गवती चहा एवढंच शेडनेटखाली ठेवा. नेट वाऱ्यानं फाटणार नाही असं चारही कोपऱ्यांना दोरीनं ओढून बांधा, डोक्याच्या वर दोन हात उंच, म्हणजे खालून हवा खेळते. नेट मिळेपर्यंत विरलेली चादर तात्पुरती चालते, पण ती ऊन जवळजवळ सगळंच अडवते. दुपारी टाकायची, चार वाजता काढायची.

राहिला तुमच्या यजमानांचा हिशेब. तो अर्धा बरोबर आहे, त्यांना तसं सांगा. टोमॅटो, वांगी, भेंडी गच्चीत पिकवून पैसे वाचत नाहीत. सुताराची मजुरी आणि कोकोपीटच काही वर्षं वसूल व्हायचं नाही. पण मंडईतून दहा रुपयांची पुदिन्याची पेंडी आणली की आपण आठ पानं वापरतो आणि बाकीची फ्रीजमध्ये काळी पडून जाते. कढीपत्ता, ओवा, गवती चहा, मिरची, चटणीपुरती कोथिंबीर, रोज थोडं थोडं आणि ताजं लागतं ते सगळं घरच्या पेटीतूनच परवडतं. अंबाडी आणि करडईची भाजी तर मंडईत पाहिजे तेव्हा मिळत नाही, तिथं त्यांचा हिशेब लागूच होत नाही. दोन खोल आणि दोन उथळ पेट्या, एवढ्यावर हे वर्ष काढा. मिरचीची सोडून त्याही मृगापर्यंत कागदाखाली झाकलेल्या राहतील, तेव्हा मिरचीपुरतं पाणी सोडलं तर महिनाभर बादली कुणालाच वाहायची नाही. डेकच्या पट्ट्या उचलायला मात्र त्यांना हाताशी घ्या, त्या एकटीला उचलत नाहीत.